कापूस

साठ सेकंद मिळतात.
दहा त्याला स्टुलावर बसवण्यात जातात,
पाच-सात कोचच्या शिव्यांत,
उरतील ते माझे.
कानामागे खोचलेली काडी, टोकाला कापूस,
कापसाला औषध. भुवईच्या चिरेत घालायची
आणि दाबून धरायची, तो ओरडला तरी.
डेल्मार ओरडायचा नाही.

टोलिडोत काच बनते. त्याचा बाप भट्टीवर होता,
मिसिसिपीतलं कापसाचं रान सोडून आलेला,
बोंडांनी ओरबाडलेल्या बोटांवर
भट्टीचे नवे चटके.
लोक म्हणायचे, काचवाल्याचं पोर,
जबडा काचेचाच असणार.
पहिल्या एकोणीस लढतींत
एकालाही त्या जबड्याचा पत्ता सापडला नाही.

मी हंगेरियन, नदीच्या पूर्वेकडचा.
आमच्या गल्लीतला न्हावी
त्याच्यासारख्याला खुर्ची देत नसे.
एकाहत्तर साली तो पट्टा जिंकून आला
तेव्हा त्याच न्हाव्यानं दुकानाच्या काचेवर त्याचा फोटो चिकटवला.
डेल्मारनं थांबून पाहिला.
म्हणाला, "उलटा छापलाय. मी काही डावखुरा नाही."
आणि पुढे चालू लागला, केस वाढलेलेच.

पट्टा आम्ही खाटकाच्या काट्यावर तोलला होता.
सव्वाचार पौंड.
खाटकानं वर एक सॉसेज फुकट दिलं,
ते आम्ही फुटपाथवर उभ्यानं खाल्लं, अर्धं अर्धं.
तसा हसताना तो मला
पुन्हा दिसला नाही.

मग गुळाला मुंगळे.
कुणाचा पाव हिस्सा, कुणाचा तिसरा,
आणि स्ट्रॅटन नावाचा एक गृहस्थ,
करारावरच्या सहीवरून बोट फिरवत म्हणायचा,
काय वळणदार अक्षर आहे तुझं!
कराची नोटीस आली तेव्हा
त्या अक्षराची किंमत आकड्यांत कळली.
तोवर तीन फ्रीज घेऊन झाले होते,
एक आईला, एक बहिणीला,
एक नुसताच.

रोझेटावर त्यानं हात उचलला.
एकदाच, असं तो म्हणतो.
ती आकडा सांगत नाही, दार लावून घेते.
अकरा महिने आत होता, मी भेटायला गेलो नाही.
पण रात्री मनात यायचं,
डाव्या भुवईचं कातडं आता धरलं असेल.
याला माया म्हणायचं की धंदा,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

परतीची लढत क्लीव्हलंडला.
समोर बावीस वर्षांचं पोर, पाय जमिनीला टेकतील तर शपथ.
आठव्या फेरीनंतर डॉक्टर दोऱ्यांतून वाकला,
बोटं धरली त्याच्या डोळ्यांपुढे.
"किती?"
डेल्मार गप्प.
मी मागून, टॉवेलाआड,
त्याच्या पाठीवर तीन टिचक्या मारल्या.
"तीन," तो म्हणाला.
डॉक्टर उतरला.
अजून चार फेऱ्या होत्या.

त्या चार फेऱ्यांचे मला एकशे साठ डॉलर मिळाले.
पैकी चाळीसचे बूट घेतले. चांगले निघाले,
सहा वर्षं टिकले.

आता दर गुरुवारी जातो.
खिडकीतून नदी दिसते, त्याला ती दिसते का, विचारत नाही.
नर्स नवी गोळ्यांची बाटली ठेवून जाते.
झाकण मी उघडतो. आतला बोळा मात्र
त्याला स्वतः काढायचा असतो,
बोटं थरथरतात, दोनदा निसटतो,
तिसऱ्यांदा कापूस लांबत लांबत बाहेर येतो
आणि तो माझ्यापुढे धरतो.

फेकवत नाही. सवयीनं कानामागे जातो.
ते त्याला कसं कळतं कुणास ठाऊक,
तो मान वर करतो
आणि डावी भुवई पुढे आणतो.

तिथे काही वाहत नाही.
मी दाबून धरतो.